साठ म्हणजे साठ नव्हेत

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. पगार वर्गावरच्या तासांचा मिळाला, पण मी स्वतः शिकले ती वर्ग सुटल्यावर. कॉलेजात संख्याशास्त्राच्या बाई आहेत असं कळलं, की आजूबाजूचे पीएच.डी.वाले आपापले आकडे घेऊन दाराशी येतात. कुणी ज्वारीवाला, कुणी इतिहासाच्या अध्यापनावर प्रबंध लिहिणारा मास्तर, कुणी मधुमेहाच्या जनुकांवर काम करणारी डॉक्टर. विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, अडचणी मात्र सख्ख्या बहिणी. त्यातून जे पटलं ते नंबर घालून लिहिते आहे. क्रम महत्त्वाचा नाही, आठवलं तसं लिहिलंय.

१. साठ म्हणजे साठ नव्हेत.

शिक्षणशास्त्रातला ठरलेला प्रयोग असा: एकाच शाळेतल्या नववीच्या दोन तुकड्या घ्यायच्या. एका तुकडीला इतिहास नेहमीसारखा शिकवायचा, दुसरीला मूळ कागदपत्रं दाखवून. मग पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, टी-चाचणी आणि शेवटी ‘लक्षणीय फरक आढळला’. तुकडीत साठ मुलं, म्हणून नमुना साठचा, असं मास्तर ठामपणे सांगतात. पण त्या साठांना शिकवणारा माणूस एकच, तास एकच, आणि तोही बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतरचा. खरी तुलना एका तुकडीची दुसऱ्या एका तुकडीशी झाली. त्यातून ‘अ’ तुकडीत हुशार मुलं भरायची सवय बऱ्याच शाळांना असतेच.

हे शेतकीच्या पोरांना समजावावं लागत नाही. एका प्लॉटातली पन्नास ताटं मोजली तरी रेप्लिकेशन एकच, हे त्यांना पाठ असतं. याचं श्रेय रोनाल्ड फिशरला. १९१९ साली तो इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात गेला आणि तिथल्या वावरांवरून त्याने प्रयोगांची सगळी शिस्त घालून दिली. उताराच्या खालच्या अंगाला माती खोल, ओल जास्त. तिथे कुठलंही खत घाला, पीक जोरातच येणार. म्हणून शेताचे ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकात सगळ्या ट्रीटमेंट आणायच्या आणि कुठली ट्रीटमेंट कुठल्या प्लॉटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. आपल्याकडे ‘आरबीडी’ म्हणतात ते हेच.

डॉक्टरबाईंचंही तेच झालेलं. रक्ताचे नमुने भरपूर होते, पण शिबिर एकाच गावात घेतलेलं. यादी वाचायला घेतली तर अर्धी आडनावं एकच. चुलतभाऊ, आतेबहिणी, सासर-माहेर एकाच गावात असलेल्या बायका. नात्यातल्या दहा जणांची जनुकं म्हणजे दहा स्वतंत्र साक्षी नव्हेत.

तेव्हापासून कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला: चिठ्ठी कुणाच्या नावाने टाकली होती? मुलाच्या, तुकडीच्या की शाळेच्या? ज्याच्या नावाची चिठ्ठी, तेवढंच मोजायचं. चिठ्ठी टाकलीच नसेल तर चहा घेऊ आणि बोलू.

२. खरी गंमत कडेच्या रोपाची असते.

उत्पन्नाचा अंदाज बांधायला शेतातला एक तुकडा आखून कापतात, तो पीक कापणी प्रयोग बघायला मी एकदा मुद्दाम गेले होते. टेप, चार खुंट्या, सुतळी. सुतळी ओढून प्लॉट आखला, आणि नेमकं एक टपोऱ्या कणसाचं ताट सुतळीवर आलं. बुंधा बाहेर, कणीस आत झुकलेलं. कापणाऱ्याचा विळा आपसूक तिकडे गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. चांगलं कणीस सोडवत नाही, एवढंच. कृषी सहायकाने हात धरला. बुंधा बाहेर तर ताट बाहेर.

एका ताटाने काय होतं असं वाटेल, तर हिशेब करून पाहा. एक मीटर लांब-रुंद प्लॉट घेतला तर एका चौरस मीटरला चार मीटर कड. दहा बाय पाचचा घेतला तर पन्नास चौरस मीटरला तीस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे फक्त साठ सेंटिमीटर. प्लॉट लहान, तर कड जास्त. कड जास्त, तर आत ओढलेली ताटं जास्त. आणि कागदावरचं उत्पन्न फुगलेलं. १९४०च्या दशकात यावरून संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात चांगलीच जुंपली होती. महालनोबिसांचा भर लहान प्लॉटांवर, कारण ते खूप जागी, झटपट कापता येतात. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिलं की लहान प्लॉट उत्पन्न वाढवून सांगतात. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. त्यांनी वि. गो. पानसे यांच्याबरोबर १९५४ साली लिहिलेलं पुस्तक शेतकी प्रबंधांच्या संदर्भयादीत अजून हमखास असतं. पोरं त्याला नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ म्हणतात.

कड फक्त शेताला नसते. उपाशीपोटी साखर १२६ आली की माणूस मधुमेही, १२५ आली तर नाही. जनुकांच्या अभ्यासात हा १२५वाला ‘निरोगी’ गटात जाऊन बसतो. तो तिथे बसला, की दोन गटांतला फरक पुसट होणारच. त्याला कुठे धरायचं हे रक्त काढायच्या आधी लिहून ठेवावं.

३. मोजायला सोपं म्हणून मोजू नये.

मास्तरांच्या प्रयोगात मला सगळ्यात आवडलेला भाग त्यांच्या प्रबंधात नव्हताच. त्यांनी मुलांपुढे शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न ठेवला होता. एकीकडे मल्हार रामराव चिटणीसांची बखर, शके १५४९चा वैशाख, म्हणजे १६२७. दुसरीकडे लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेली जेधे शकावली, शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. उत्तर कुठलं ते सांगितलं नव्हतं. मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, “सर, बखर लिहिणारा तेव्हा जन्माला तरी आला होता का?” बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. आणखी एक मुलगी म्हणाली, जेध्यांच्या घरच्या नोंदी कशावरून खऱ्या? मग मास्तरांनी महाराजांच्या काळातच रचलेलं परमानंदाचं शिवभारत पुढे केलं. तेही शके १५५१च सांगतं.

आता हे मोजलं कशाने? ‘योग्य पर्याय निवडा’च्या पन्नास गुणांच्या प्रश्नपत्रिकेने! फरक आला नाही म्हणून मास्तर हिरमुसले होते. फरक येणार कसा? प्रश्नपत्रिका पाठांतर तपासत होती आणि त्यांनी शिकवलं होतं शंका घ्यायला. अमेरिकेत सॅम वाइनबर्गने १९९१ साली आठ इतिहासकार आणि शाळेतली आठ हुशार मुलं यांच्यापुढे लेक्सिंग्टनच्या लढाईचे कागद ठेवले आणि वाचताना जे मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितलं. इतिहासकारांपैकी काहींचा अमेरिकेचा इतिहास हा विषयच नव्हता. तरी ते आधी खाली कुणाची सही आहे ते बघत, मग एका कागदाची दुसऱ्याशी गाठ घालत. मुलं पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटली. हा फरक पर्याय निवडून सापडत नाही. उत्तरपत्रिका बसून वाचाव्या लागतात, आणि त्याही दोघांनी, एकमेकांचे गुण न बघता.

४. तुलनेला घेतलेली माणसं आली कुठून?

डॉक्टरबाईंना मी अ‍ॅरिझोनातली गोष्ट सांगितली. तिथल्या पिमा आदिवासींमध्ये मधुमेहाचं प्रमाण प्रचंड. १९८८ साली नोलर आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला: रक्तातला एक विशिष्ट वारसा ज्यांच्याकडे होता त्यांच्यात मधुमेह ८ टक्के, नव्हता त्यांच्यात २९ टक्के. कुणीही म्हणेल, मधुमेहापासून वाचवणारं जनुक हाती लागलं! पण तो वारसा मुळात गोऱ्या पूर्वजांकडून आलेला. म्हणजे ज्यांच्या अंगात युरोपीय रक्ताचा अंश, त्यांच्यात तो जास्त आणि मधुमेह कमी. निव्वळ पिमा कुळातल्या लोकांपुरतं पाहिल्यावर फरक जवळपास उरलाच नाही. जनुकाचा ना दोष ना गुण. ते फक्त घराण्याचा पत्ता सांगत होतं.

आपल्याकडे हे फार जपावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं होणाऱ्या समाजात रुग्ण एका जातीतले आणि निरोगी दुसऱ्या जातीतले घेतले, तर हवं ते जनुक ‘सापडतं’. रुग्ण ओपीडीतून आणि निरोगी म्हणून दवाखान्यातलाच कर्मचारी वर्ग, हा तर नेहमीचाच यशस्वी प्रकार.

५. वीस वेळा जाळं टाकलं तर एक मासा लागतोच.

निकाल ‘लक्षणीय’ म्हणायची, फिशरच्या नावावर चालणारी ०.०५ची रेघ म्हणजे नुसत्या योगायोगाने विसात एकदा फसायची मुभा. जनुकवाले एका दमात लाखो जागा तपासतात, म्हणून त्यांनी रेघ ०.०००००००५ वर नेली. प्रबंधवाले मुलगा-मुलगी, शहरी-खेडी, मराठी माध्यम-इंग्रजी माध्यम अशा चाळीस टी-चाचण्या करतात आणि रेघ तीच ठेवतात. मग दोन निघतात, आणि त्या दोनांवर प्रकरण पाचवं उभं राहतं.

६. बाहेरचं उत्तर घरी तपासून घ्यावं.

२००६ साली आइसलंडमधल्या संशोधकांनी टीसीएफ७एल२ या जनुकाचा मधुमेहाशी संबंध दाखवला. त्याच्या धोक्याच्या रूपाची एक प्रत असली तर धोका सुमारे १.४५ पट, दोन असल्या तर २.४१ पट. पुण्यातल्या रुग्णांवर ते तपासलं गेलं आणि २००७ साली छापून आलं: इथेही लागू. एफटीओचं मात्र तसं झालं नाही. युरोपात हे जनुक वजन वाढवतं आणि वजनातून मधुमेह आणतं, असा हिशेब होता. भारतीयांमध्ये मधुमेहाशी त्याचं नातं दिसलं, पण सगळा दोष वजनावर टाकता येईना.

याचं कारण बहुधा पाळण्यातच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. वजनात एवढी तफावत, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नाही! बाळ रोडकं दिसतं आणि आतून मेदवान असतं. त्याच अभ्यासात आढळलं की ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त होतं, त्यांची बाळं मोठी. म्हणजे जनुकांच्या मागे निघालेली वाट शेवटी मेथीच्या वाफ्यात येते. पिकांची मोजणी करता करता सुखात्मेही पुढे पोषणाकडेच वळले होते, यात मला नवल वाटत नाही.

७. पैसे घेऊन आठवड्यात छापणारं ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नल टाळा.

२०१८ साली यूजीसीने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. यावर मी आणखी काय लिहू?

८. कच्चा माल जपा.

रोदॅमस्टेडला ब्रॉडबाक नावाच्या शेतात १८४३पासून गहू पेरतात आणि दाणे, काड, माती यांचे नमुने भरून ठेवतात. डीएनए हा शब्दसुद्धा नव्हता तेव्हा भरलेल्या नमुन्यांतून पुढच्यांनी पिकांवरच्या रोगांचा इतिहास शोधला. आपले इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांतली दप्तरं उपसत हिंडले. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, आणि त्यात त्यांनी कागद छापले म्हणून आज त्यांच्याशीच भांडता येतं. पुण्याच्या त्या सहा गावांतली बाळं आता तरुण झाली, आणि त्यांच्या आयांच्या गरोदरपणातल्या नोंदी हाताशी आहेत, म्हणूनच नवे प्रश्न विचारता येतात.

आमच्याकडे मात्र व्हायवा झाला, पेढे वाटले, की निरीक्षणांची वही रद्दीत आणि एक्सेलची फाइल जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात. प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन भांडारात चढतो, आकडे कुठेच राहत नाहीत. तेव्हा मार्गदर्शकांना हात जोडून विनंती: विद्यार्थ्याच्या फॉर्मवर शेवटची सही करण्याआधी माणसांची नावं काढलेली मूळ आकडेवारी, प्रश्नपत्रिका आणि प्लॉटांचा नकाशा मागून घ्या आणि ग्रंथालयात जमा करा. एका पेनड्राइव्हवर मावतं सगळं.