तांबीचे वजन



जुन्या नाशकात तांबट लेन नावाची एक गल्ली आहे. एके काळी तिथे सकाळपासून पत्र्यावर ठोके पडत आणि हंडे, घंगाळी, तपेली घडत. तांब्याचे भांडे घ्यायला गेलात तर दुकानदार ते नगावर देत नाही, वजनावर देतो. या लेखात आपण तांब्याचीच एक वस्तू तराजूत घालणार आहोत. तिच्यातले सारे तांबे मिळून अर्धा ग्रॅमही भरत नाही, आणि ती भांड्यांच्या दुकानात मिळत नाही. तिचे नाव तांबी, म्हणजे गर्भधारणा टाळण्यासाठी स्त्रीच्या गर्भाशयात बसवण्याचे साधन. शाळेच्या पुस्तकात हे नाव एखाद्या ओळीत येते आणि ती ओळ वर्गात फार भरभर वाचली जाते.

भौतिकीच्या मास्तराने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे र. धों. कर्वे डॉक्टर नव्हते. ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत. या कार्यापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी मरेपर्यंत चालवले. तेव्हा हिशेबाची सवय असलेल्या माणसाला या विषयात काम आहे.

प्रथम वस्तू पाहू. आज सरकारी दवाखान्यांत बसवल्या जाणाऱ्या तांबीचा एक प्रकार म्हणजे ‘कॉपर-टी ३८० ए’. इंग्रजी टी या अक्षराच्या आकाराचा पॉलिथिलीनचा सांगाडा, ३६ मिलिमीटर लांब व ३२ मिलिमीटर रुंद. बसवताना त्याचे दोन्ही हात दुमडून तो एका बारीक नळीत घालतात. नळी मागे घेतली की प्लास्टिकच्या स्थितिस्थापकतेमुळे हात पुन्हा उघडतात. प्लास्टिकमध्ये बेरियम सल्फेट मिसळलेले असते, म्हणून क्ष-किरणांच्या चित्रात तांबी दिसते. उभ्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, दोन हातांवर तांब्याची एकेक नळकांडी. तारेचे पृष्ठफळ ३१४ चौरस मिलिमीटर, नळकांड्यांचे प्रत्येकी ३३; बेरीज ३८०. नावातला आकडा तिथून आला.

आता कागद-पेन्सिल घ्या. तारेचा व्यास ०.२५ मिलिमीटर आहे. पृष्ठफळ ३१४ असेल तर लांबी किती? उत्तर येते ४० सेंटिमीटर. घनफळ काढून तांब्याच्या घनतेने गुणा. वजन सुमारे १७६ मिलिग्रॅम भरते. एवढे थोडे तांबे इतके लांब का ताणले? कारण काम वजनाने होत नाही, पृष्ठफळाने होते. पृष्ठभागावरून दिवसाला सुमारे ४० ते ५० मायक्रोग्रॅम तांबे आयनांच्या रूपात सुटते, आणि हे आयन शुक्रजंतूंना हतबल करतात. आपण रोजच्या अन्नातून याच्या वीसपट तरी तांबे खातो, तेव्हा विषबाधेची भीती नको. मुख्यतः फलनच होऊ दिले जात नाही. म्हणून तांबी गर्भपात घडवते हा समज बरोबर नाही. दिवसाला ५० मायक्रोग्रॅम धरून दहा वर्षांत किती तांबे जाईल हेही काढून पाहा. ही तांबी दहा वर्षे चालते.

पण भारतात आधी आला तो लूप. त्यात तांबे नव्हते. अमेरिकेतील जॅक लिपीस यांनी बनवलेले, नागमोडी वळणांचे हे प्लास्टिकचे साधन १९६५ साली आपल्या सरकारने देशभर नेले. कानपूरला त्याचा कारखाना निघाला. लक्ष्ये ठरली, शिबिरे भरली, एका लूपमागे राज्यांना ११ रुपये मिळू लागले. पहिल्या वर्षी सुमारे ८ लाख लूप बसले, दुसऱ्या वर्षी ९ लाख. नंतर आकडा घसरला: १९६७-६८ मध्ये पावणेसात लाखांच्या आत, १९६८-६९ मध्ये पावणेपाच लाख.

या घसरणीची एक साक्षीदार आमच्या घरात होती. आमची आजी निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात राहत असे. १९६६ साली एका शिबिरात तिला लूप बसवला. तपासणी काय झाली ते तिला आठवत नव्हते. रांग मात्र आठवत होती. पुढे चार महिने तिला अंगावरून फार जात राहिले. विहिरीवरून पाणी आणताना डोळ्यांपुढे अंधारी येई. शिबिराची मंडळी पुन्हा गावात आली नाहीत. अखेर एका सुईणीने तो काढला. त्यानंतर तिला आणखी दोन मुले झाली, आणि वस्तीवरच्या एकाही बाईने लूप घेतला नाही. ‘लूप काळजात चढतो’ अशी वदंता होती, ती अर्थातच खोटी. पण ‘अंगावरून फार जाते’ ही वदंता नव्हती, ते निरीक्षण होते. दोन्ही गोष्टींना ‘बायकांच्या अफवा’ म्हणणाऱ्यांनी मोजमापातली मोठी चूक केली, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही चूक केवढी, ते लोहाच्या हिशेबाने काढता येते. निरोगी स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण १२ ग्रॅम हिमोग्लोबिन असते आणि १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह. म्हणजे १ मिलिलिटर रक्तामागे ०.४ मिलिग्रॅम लोह गेले. मासिक पाळीत सरासरी ३५ मिलिलिटर रक्त जाते. लोह १४ मिलिग्रॅम. लूपने हा स्राव साधारण दुप्पट होई. दर महिन्याला जादा १४, वर्षाला १६८ मिलिग्रॅम. अन्नातून शरीरात दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते. भाकरी आणि कोरड्यासावर राहणाऱ्या, आधीच चार बाळंतपणे झालेल्या बाईच्या भांडारात ही तूट सोसण्याएवढी शिल्लक कुठून असणार?

तांबीने स्राव दुप्पट होत नाही, साधारण दीडपट होतो. जादा लोह महिन्याला ७ मिलिग्रॅम, वर्षाला ८४, दहा वर्षांत ८४०. हा आकडा पाहून घाबरण्यापूर्वी दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. एका गर्भारपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. त्यातले काही बाळंतपणानंतर भांडारात परत येते आणि त्या नऊ महिन्यांत पाळीही नसते. तरी मोठा खर्च उरतोच. म्हणजे तांबीची कित्येक वर्षांची गळती आणि नको असताना आलेले एक गर्भारपण यांची वजने एकमेकांच्या जवळपास येतात. अट एवढीच की हे सरासरीचे गणित आहे. एखादीचा स्राव मुळातच ८० मिलिलिटर असेल, हिमोग्लोबिन ८ असेल, तर तिचे पारडे वेगळे झुकेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ही अट किरकोळ नाही ती यामुळे.

लूपकडून तांबीकडे प्रवास कसा झाला? अमेरिकेतील हॉवर्ड टेटम यांनी गर्भाशयाच्या आकाराला साजेसा लहान टी बनवला. त्रास कमी झाला, पण उपयोगही कमी झाला: वर्षात १०० स्त्रियांपैकी सुमारे १८ जणींना दिवस राहत. चिलीतील हाइमे झिपर यांना सशांवरील प्रयोगांत आढळले होते की तांब्याची तार गर्भधारणा रोखते. दोघांनी टीवर २०० चौरस मिलिमीटर तांबे गुंडाळले, आणि १८ चा आकडा १ च्या आसपास आला. गंमत अशी की त्यापूर्वी चाळीस वर्षे, बर्लिनचे डॉ. ग्रेफेनबर्ग चांदीच्या तारेची कडी वापरत आणि यशाचे श्रेय चांदीला देत. त्या चांदीत तांब्याची बरीच भेसळ होती, हे नंतर कळले! आपल्याकडे कॉपर-टी १९७० नंतरच्या दशकात आली, आणि २००२ पासून सरकारी कार्यक्रमात ३८० ए आली.

आता तुम्ही घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग. एका बशीत शाईचे पाणी घ्या. गोधडीचा अनेक पदरी सुती दोरा आणि मासे धरायच्या गळाचा एकसंध नायलॉन दोरा, दोन्हींची टोके पाण्यात सोडा व बाकीचा भाग उभा धरा. सुती दोऱ्यात शाई वर चढेल. नायलॉनवर चढणार नाही. पहिल्यात तंतूंच्या मधल्या फटी केसासारख्या बारीक नळ्यांचे काम करतात. हेच केशाकर्षण. तांबीला खाली एक दोरा असतो. ती जागेवर आहे हे त्यावरून कळते आणि काढताना तोच ओढतात. १९७१ साली अमेरिकेत ‘डॅलकॉन शील्ड’ नावाचे साधन विक्रीला आले. त्याचा दोरा शेकडो तंतूंचा, वरून वेष्टन घातलेला होता. त्यातून जंतू गर्भाशयात चढण्याचा मार्ग खुला झाला. अनेक स्त्रियांना गंभीर जंतुसंसर्ग झाला, काही दगावल्या, आणि १९७४ साली तिथली विक्री थांबली. आजच्या तांबीचा दोरा एकपदरी असतो. संसर्गाचा धोका उरतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, म्हणजे आधीच असलेला संसर्ग न तपासता बसवली तर. त्यासाठीच तपासणी हवी.

उरलेली वजने झटपट टाकू. पहिल्या वर्षी १०० पैकी १ पेक्षाही कमी स्त्रियांना दिवस राहतात. काहीच न वापरल्यास ८५ जणींना राहतात. काढल्यावर गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. नसबंदीत तसे नाही. रोज काही लक्षात ठेवावे लागत नाही. दुसरीकडे, पहिल्या वर्षात १०० पैकी २ ते १० जणींची तांबी आपोआप पडते. हजारात सुमारे एखादीच्या गर्भाशयाला बसवताना छिद्र पडते. पहिल्या काही महिन्यांत पोटात कळा येतात. तांबी असूनही दिवस राहिलेच तर गर्भ नळीत अडकलेला नाही ना, हे ताबडतोब पाहावे लागते. गुप्तरोग आणि एड्सपासून तांबी मुळीच संरक्षण देत नाही. तिथे निरोधच लागतो. संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधनेही आहेत. त्यांनी स्राव उलट कमी होतो, पण ती महाग पडतात.

अशी वजने जोखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ पासून चार पायऱ्यांची पद्धत ठेवली आहे. पहिली पायरी म्हणजे खुशाल बसवा, चौथी म्हणजे मुळीच नको. रक्तक्षय दुसऱ्या पायरीवर येतो, म्हणजे फायदे सहसा जड, पण लक्ष ठेवा. गर्भाशयात चालू असलेला संसर्ग चौथ्या पायरीवर. हा तक्ता डॉक्टरांसाठी आहे. मात्र दर महिन्याला चार दिवस जास्त जाणे आपल्याला कितपत चालेल, शेतात उसाच्या तोडणीवर असताना कळा सोसतील का, पुढचे मूल कधी हवे, ही वजने तक्त्यात नाहीत. ती त्या स्त्रीलाच ठाऊक असतात, आणि त्यासाठी तिला विचारावे लागते.

आजीला मी कॉलेजात असताना एकदा विचारले होते की दवाखान्यात जाऊन तो लूप काढून का घेतला नाहीस. ती म्हणाली, “बसवणाऱ्यांनी काढता येतो हे सांगितलंच नव्हतं रे.”