विडी, खोकला आणि छातीतली राखण



रात्रपाळीचं पाणी देताना बांधावर विडी ओढली की थंडी पळते, असं आपण म्हणतो. थंडीचं देव जाणे, छातीतली राखण मात्र पळते. श्वासनळीला आतून केसांहून बारीक तंतू असतात. धूळ आणि जंतू चिकटलेला कफ ते सारखे घशाकडे ढकलतात. धुराने ते लुळे पडतात आणि त्यांचं काम सकाळच्या खोकल्यावर येतं. त्याखाली फुफ्फुसात जंतू गिळणाऱ्या पेशी आहेत. धुराची काजळी गिळून त्या मंदावतात, मग क्षयाचा जंतू त्यांना आवरत नाही. तमिळनाडूत सुमारे ४३ हजार मयत पुरुषांची माहिती घेऊन केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्यांत क्षयाने मरण्याचं प्रमाण इतरांच्या चौपट निघालं. विडीत तंबाखू थोडी म्हणून ती सौम्य, हेही खरं नव्हे. विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात.

विडी सोडल्यावर तंतू पुन्हा हलू लागतात, तेव्हा काही आठवडे खोकला वाढूही शकतो. ‘सोडली अन् बाधली’ म्हणत कित्येकजण इथंच पुन्हा काडी ओढतात! तरी दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर पाचटाच्या धुळीवर ढकलू नये. सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि क्षयाची औषधं तिथं मोफत मिळतात.