उभ्या गाडीला धक्का : भरपाई कोणाकडे मागावी?



लावणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते याच विषयांवर मी या पानांत लिहीत आलो आहे. आजचा विषय निराळा आहे. हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीबरोबर ही तक्रार हमखास येते : "साहेब, गाडी बाजूला उभी होती आन् ट्रॉलीनं चेपली."

मागल्या हंगामातली गोष्ट. आपल्या एका सभासदाने ऑफिसजवळच्या वळणावर, रस्ता सोडून मोटार उभी केली व तोडीची चौकशी करायला तो आत आला. तेवढ्यात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळला. ट्रॅक्टर नीट गेला, पण वळणावर मागची ट्रॉली नेहमीच आत कापते, तशी ती कापली. मोटारीची दोन दारे चेपली, आरसा गेला. माणसे जमली. "पाव्हणं, घरचंच काम हाय, मिटवून टाका." ड्रायव्हरने दोन हजार दिले आणि सभासदाने वहीच्या कागदावर 'माझी काही तक्रार राहिली नाही' असे लिहून सही केली. गॅरेजवाल्याने सतरा हजारांचा अंदाज काढला, तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याच्याकडे विमा होता, पण नुसता थर्ड पार्टी.

इथेच आपल्या लोकांचा घोटाळा होतो. विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा कंपनी, आणि त्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले तो तिसरा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 146 प्रमाणे सक्तीचा आहे तो या तिसऱ्यासाठीचा विमा. म्हणजे आपल्या सभासदाची स्वतःची पॉलिसी त्याच्या दाराला एक पैसा देणार नव्हती. पण ट्रॅक्टरच्या पॉलिसीच्या दृष्टीने तिसरा पक्ष तोच होता! चूक ड्रायव्हरची असली तरी कामावर असताना झाली म्हणून जबाबदारी ट्रॅक्टरमालकावर येते, व मालकाच्या वतीने त्याची कंपनी भरते. मोटार किंवा व्यापारी वाहनाच्या पॉलिसीत मालमत्तेच्या नुकसानीची ही मर्यादा सर्वसाधारणपणे साडेसात लाख रुपये असते. थोडा हप्ता वाचवण्यासाठी काहीजण ती 6000 वर आणून ठेवतात. त्यांनी पॉलिसी काढून आजच पाहावी.

हा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे करता येतो. 2019 च्या दुरुस्तीने त्याला सहा महिन्यांची मुदत घातली असून ती 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. मात्र 'तक्रार नाही' असे लिहून दिले की तोच कागद समोरचा पुढे करतो.

दुसरी वाट आपल्या स्वतःच्या पॉलिसीची, पण ती सर्वंकष असेल तरच. त्यात दोष कोणाचा हे न पाहता दुरुस्ती मिळते. मात्र तो दावा घेतला की 'नो क्लेम बोनस' जातो, मग चूक दुसऱ्याची का असेना. समजा, प्लॅस्टिकचा बंपर 6000 चा. प्लॅस्टिकला निम्मी घट धरतात, राहिले 3000. लहान मोटारीला सक्तीची वजावट 1000. हाती 2000. आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 8000 असून तुमचा बोनस 50 टक्क्यांवर पोहोचला असेल, तर पुढल्या वर्षी 4000 ऐवजी पुरे 8000 भरा. माझे मत विचाराल तर असल्या ओरखड्याला स्वतःचा विमा वापरू नये. दारे-पत्रा गेला असेल तर जरूर वापरावा. धक्का देणारा पळून गेला व सापडला नाही तर हीच एक वाट उरते. अज्ञात वाहनाची सरकारी भरपाई मृत्यू व गंभीर दुखापतीपुरती आहे, पत्र्याला नाही.

धक्का लागला की गाडी हलवण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या. त्यात ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही नंबर दिसला पाहिजे. ड्रायव्हरचा परवाना, मालकाचे नाव, पॉलिसी नंबर टिपून घ्या. पोलिसांत नोंद करून पोच घ्या. कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हेअर येण्याआधी गाडी गॅरेजला खोलू देऊ नका.

उभी गाडी म्हणजे आपण निर्दोष, असेही समजू नये. वळणावर, अरुंद पुलाजवळ, रात्री बिनदिव्याची गाडी धोका होईल अशी उभी केली, तर कलम 122 आपल्याही अंगावर येते व भरपाईतून आपल्या दोषाचा हिस्सा कापला जाऊ शकतो.

आता ट्रॅक्टरवाल्या सभासदांसाठी. ट्रॅक्टरचा विमा असतो आणि ट्रॉलीचा नसतो, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. धक्का लागतो ट्रॉलीचा, मग कंपनी हात वर करायला मोकळी. पॉलिसी शेतीकामाची आणि वाहतूक दुसऱ्याच्या उसाची भाड्याने, किंवा ड्रायव्हरकडे परवानाच नाही, तरीही कंपनी वाद काढते. भरली तरी रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा वाहतुकीचा करार करायला येताना ट्रॅक्टरच्या पॉलिसीबरोबर दोन्ही ट्रॉल्यांचे कागद आणि ड्रायव्हरचा परवाना घेऊन यावे. मी स्वतः पाहून घेईन.