रात्रपाळी कोणाच्या वाट्याला?

प्रश्न : युनियनच्या मर्जीतल्यांना दिवसपाळी आणि मला सतत रात्रपाळी, दाद कोणाकडे मागू?
– एक कामगार, बल्लारपूर

उत्तर : आपली व्यथा मी समजू शकतो; परंतु पाळ्या नेमण्याचा अधिकार युनियनचा नसून व्यवस्थापनाचा असतो, आणि प्रकृतीच्या कारणास्तव कोणास दिवसपाळी मिळाली असल्यास तो पक्षपात ठरत नाही. मात्र गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकते माप देणे, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या अधिनियमाने मालकाची अनुचित कामगार प्रथा मानली आहे. म्हणून पाळीपत्रकातील नोंदी तारीखवार उतरवून घ्या, पाळीबदलाचा लेखी अर्ज देऊन पोच जपून ठेवा, आणि तरीही दखल घेतली न गेल्यास चंद्रपूरच्या कामगार कार्यालयाचा सल्ला विनाविलंब घ्या, कारण त्या अधिनियमात तक्रारीची मुदत सामान्यतः ९० दिवसांचीच ठेवली आहे. तोवर रागाच्या भरात नेमलेली पाळी चुकवू नका. गैरहजेरीचा शेरा आपलीच बाजू लंगडी करील.