पायवाट सडकेला मिळते तिथे

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं परभणी जिल्ह्यातल्या रस्त्यांवर गेली. पाथरी, मानवत, परभणी करत वसमतकडे जाणारा कल्याण-निर्मल महामार्ग, जिंतूरची सडक, गंगाखेडची सडक, आणि त्यांना फाट्या-फाट्यावर येऊन मिळणाऱ्या शेताच्या, शाळेच्या पायवाटा. माणसांनी सडक नेमकी कुठून ओलांडावी हे ठरवताना मी चुकलो. त्यातून उमगलं ते लिहितो.

१. नकाशाआधी चपलांच्या खुणा पाहाव्यात. पहिल्यांदा मी झेब्रा पट्टे फाट्यापासून चांगले शंभर पावलं लांब मारून घेतले. वळणाऱ्या गाड्यांचा धोका नको, हा हिशेब. महिन्यानं गेलो तर पट्टे कोरे करकरीत आणि शाळेची पोरं पूर्वीसारखीच फाट्याच्या तोंडातून पळताहेत. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई शंभर पावलं उलटी चालणार नाही. तिनं चालावं असं म्हणायचा मला अधिकारही नाही.

२. पट्टे अगदी कोपऱ्यावरही नकोत. हे मला उसाच्या हंगामानं शिकवलं. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळताना पुढून मोठा फेर घेतो, पण मागची ट्रॉली कोपरा कापत येते. कडेला उभ्या माणसाला वाटतं, ट्रॅक्टर गेला. तो पाऊल टाकतो आणि ट्रॉली अंगावर येते. चालकाला हे मागचं काही दिसत नाही. एका फाट्यावर एक म्हातारबाबा असेच थोडक्यात वाचले. त्यांचं धोतर ट्रॉलीच्या चाकात गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून जोडरस्त्यावरचे पट्टे मी तोंडापासून पाच-सहा मीटर, म्हणजे एका जीपच्या लांबीइतके आत घेऊ लागलो. वळून आलेली जीप पट्ट्यांपाशी थांबली तरी तिचा मागचा भाग मुख्य सडकेवर राहत नाही, आणि चालकाला माणूस समोर दिसतो. ट्रॉल्यांची वर्दळ असेल तिथे आणखी थोडं आत. फार आत नेलं मात्र की गाडी वेग घेते आणि माणूस वाट सोडतो.

३. नजर किती लांब पोचते, ते मोजा. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. आपल्या जिल्ह्यात त्याच्या भरावावरून माणसं शेताला जातात, पहाटे फिरायलाही निघतात. ही वाट सडकेला मिळते ती कालव्याच्या पुलाशी. पुलाला चढ असला की पलीकडून येणारी गाडी माथ्यावर आल्याशिवाय दिसत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो. सात मीटरची सडक ओलांडायला त्याला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरची गाडी शंभर मीटर येते. गुडघे धरलेल्या आजीला नऊ सेकंद लागतात, म्हणजे दीडशे मीटर मोकळे दिसायला हवेत. दिसत नसतील तर वाटेचं तोंडच पुलापासून हलवावं. बाभळीची फांदी तोडून भागत असेल तर आधी ती तोडावी.

४. एसटीचा थांबा पट्टे ओलांडल्यावर पुढे हवा. मग उतरलेला माणूस गाडीच्या मागून जातो. गाडीच्या पुढून निघाला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

५. जागा दोनदा पाहावी, एकदा उन्हाळ्यात, एकदा आषाढात. आपली काळी माती पावसात पावलाला किलोभर चिकटते. वैशाखात बरोबर वाटलेल्या जागी आषाढात गुडघाभर चिखल असतो, आणि मग पट्ट्यांकडे कोणी फिरकत नाही. दोन्ही बाजूंना उभं राहण्यापुरता मुरूम किंवा काँक्रीट टाकलं नाही तर रंगाचा खर्च वाया.

६. कायदा चालणाऱ्याच्या बाजूचा आहे. वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे पादचारी पट्ट्यांवर चालकानं वेग कमी करून, गरज पडली तर थांबून माणसाला वाट द्यायची आहे. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरून जाते, तेव्हा ट्रकवालेही हात जोडून थांबतात. तसं थांबणं एरवी एकट्या पोरीसाठीही व्हावं, ही माझी फार इच्छा आहे.

तुमच्या गावच्या फाट्यावर पट्टे मारायला माणसं आली, तर त्यांना चहा द्या आणि शाळा सुटेपर्यंत थांबवून ठेवा. पोरं कुठून जातात ते त्यांना बघू द्या.