मनोमिन : निम्मं होडीत, निम्मं पाण्यात

मनोमिन शिजायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात, पण तळ्यातून चुलीपर्यंत यायला त्याला कितीतरी दिवस लागतात. म्हणून कृती तळ्यापासूनच सांगते.

मनोमिन म्हणजे दुकानात 'वाइल्ड राइस' या नावाने मिळणारं धान्य. आपल्या भाताचं हे लांबचं भावंड. सुपीरिअर सरोवराच्या आसपास, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनमध्ये आणि कॅनडातल्या ऑन्टॅरिओत, उथळ तळ्यांत आणि संथ नद्यांत ते आपसूक उगवतं. तिथले ओजिब्वे लोक स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. पाण्यावर अन्न उगवतं तिथे जाऊन थांबा, असं भाकीत झालं म्हणून आपले पूर्वज अटलांटिकच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला निघाले, असं ते सांगतात. त्यामुळे मनोमिन हे त्यांचं धान्य तर आहेच, शिवाय मुक्कामाचा पत्ताही. आपल्याकडे ऋषिपंचमीला न नांगरलेल्या जमिनीतलं खातात. साधारण त्याच दिवसांत, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, हे धान्य पिकतं. त्या महिन्याला ओजिब्वे नावच मुळी मनोमिनच्या चंद्राचं आहे.

तळ्यावर काय लागतं : एक अरुंद होडी, दोन माणसं, टोकाला बेचकं असलेली लांब काठी, सीडारच्या हलक्या लाकडाच्या दोन गुळगुळीत काठ्या आणि चिमूटभर तंबाखू. अंगभर कपडे घाला. दाण्याला लांब कुसळ असतं, ते कपड्यांत, घशात, डोळ्यांतही घुसतं. शिवाय लोंब्यांत अळ्या असतात आणि त्या चावतात.

आधी तंबाखू पाण्याला वाहायची. ही तंबाखू ओढायची नाही. घेण्याआधी द्यायचं, एवढाच तिचा अर्थ. मग दाणा पिकलाय का ते बघायचं. लोंबीला हलकेच हात लावला की दाणा सुटला पाहिजे. ओढावा लागला तर परत फिरा. पूर्वी कोणत्या तळ्यात कधी उतरायचं हे जाणती माणसं ठरवत. त्याही आधी बायका उभ्या पिकाच्या पेंढ्या बासवुडच्या सालीच्या दोरीने बांधून ठेवत. त्याने दाणे गळायचे नाहीत आणि हा भाग कोणाचा तेही कळायचं. मनोमिन काढणं हे मुळात बायकांचंच काम. पुरुष मोठ्या संख्येने होडीत आले ते 1930 च्या मंदीच्या काळात, असं रेड लेकच्या ओजिब्वे इतिहासकार ब्रेंडा चाइल्ड यांनी मांडलं आहे.

आता होडी. एकाने उभं राहून काठीने होडी ढकलायची. बेचक्यामुळे काठी चिखलात रुतत नाही आणि मुळंही उपटत नाहीत. वल्हं मारायचं नाही. दुसऱ्याने बसून एका काठीने लोंब्या होडीवर वाकवायच्या आणि दुसरीने वरून हलकेच घासत झटकायच्या. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, संथ लयीत. बडवायचं नाही. मिनेसोटात कायदाच आहे : काठी 30 इंचांहून लांब नको, एका पौंडाहून जड नको.

नवख्याची इथेच चूक होते. निम्मे दाणे पाण्यात पडताना दिसले, की त्याला वाटतं आपला हात बसत नाहीये, आणि तो जोर लावतो. ते पडायलाच हवेत. तेच तळाशी जाऊन रुजतात, तेच पुढच्या वर्षीचं पीक. एका लोंबीवरचे दाणेही एकदम पिकत नाहीत. त्यामुळे त्याच तळ्यात काही दिवसांनी पुन्हा जायचं. आज सगळं काढून घेण्याचा मोह केला तर कच्चं हाती येतं आणि झाडही मोडतं.

घरी आणलं की लगेच पसरा. ओलं धान्य ढिगात ठेवलं तर आतून तापतं आणि बुरशी धरते. पूर्वी बर्चच्या सालीवर पसरत, आता ताडपत्रीवर. पानं, काड्या, अळ्या वेचून काढा.

मग भाजणं. लोखंडी काहील विस्तवावर जरा तिरकी ठेवतात, म्हणजे समोर बसून लाकडी वल्ह्याने खालचं वर करता येतं. हात थांबवायचा नाही. आच मंद हवी. थोडं थोडं भाजायचं. दाणा कडक होऊन टरफल ठिसूळ झालं, खमंग वास सुटला, की उतरवायचं. चुलीच्या धुराचा जो वास धान्याला लागतो, तो पुढे भातातही येतो.

भाजलेलं धान्य लाकूड लावलेल्या छोट्या खड्ड्यात ओतून तुडवतात. मऊ चामड्याचे स्वच्छ मोकॅसिन घालून, बाजूच्या आडव्या दांड्याला धरून, अंगाचा भार हातांवर तोलत पाय नाचवल्यासारखे फिरवायचे. भार पायांवर आला तर दाण्याची कणी होते. शेवटी बर्चच्या सालीच्या पसरट सुपात पाखडायचं. पाखडणं तुम्हाला शिकवायला नको. ओल्या धान्याच्या जेमतेम निम्मं तयार धान्य हाती येतं, कधी त्याहूनही कमी.

ही तळी टिकवायला ओजिब्वेंना कोर्टकचेऱ्याही कराव्या लागल्या. 1837 च्या करारात जमीन देताना त्यांनी शिकार, मासेमारी आणि मनोमिन गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला होता. तो अजून शाबूत आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं ते 1999 मध्ये. 2018 मध्ये व्हाइट अर्थच्या ओजिब्वेंनी मनोमिनलाच जगण्याचे, वाढण्याचे हक्क देणारा कायदा केला.

आता स्वयंपाकघरात. एक वाटी मनोमिन दोन-तीन पाण्यांनी धुवा. तीन वाट्या पाणी आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणा, मग झाकण ठेवून मंद आचेवर ठेवा. पंधरा मिनिटांनी बघा. दाणा चिरून आतला पांढरा गर डोकावला, की झालं. जास्तीचं पाणी निथळून टाका आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. वाटीभराचा तीन वाट्यांहून जास्त भात होतो. गोड हवा तर वर मेपलचा पाक आणि ब्लूबेरी. तिखटमिठाचा हवा तर अळिंबी, रानबदक किंवा हरणाचं मांस. फोडणी मात्र देऊ नका. मी जिरं-हिंगाची देऊन पाहिली, तर धुराचा तो वासच गेला.

पहिल्यांदा मी जे पाकीट आणलं, त्यातले दाणे काळेकुळकुळीत आणि चकचकीत होते. तासभर शिजवूनही दाताखाली कचकचत होते. ते तळ्यातलं नव्हतंच. 1950-60 च्या दशकांपासून मिनेसोटात आणि पुढे कॅलिफोर्नियात बांध घालून, पाणी भरून याची शेती होते आणि यंत्राने कापणी होते. हाताने काढून लाकडावर भाजलेलं मनोमिन तपकिरी, हिरवट, कुठे फिकट, असं मिसळीचं दिसतं. मिनेसोटात शेतातल्या मालावर 'पॅडी ग्रोन' असं छापावंच लागतं. पाकीट उलटून तेवढं वाचा, आणि मिळालं तर ओजिब्वे लोक स्वतः विकतात तेच घ्या. महाग पडेल, पण घासाघीस करू नका.