तापणारे पाणी आणि क्रॅपी: हिवाळ्याच्या अखेरीस गळ टाकणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

क्रॅपी हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या दोन जाती आहेत, पांढरा क्रॅपी आणि काळा क्रॅपी. पाठीवरच्या परात पाच-सहा काटे असले तर पांढरा, सात-आठ असले तर काळा, ही ओळखीची खूण. पांढरा गढूळ पाण्यातही तग धरतो. काळ्याला नितळ पाणी आणि पाणवनस्पती मानवतात. मांस पांढरे आणि चवदार असल्याने दोन्ही जातींमागे गळ टाकणारे पुष्कळ. बहुतेक मासे अर्ध्या किलोच्या आतबाहेरचे असतात. मिसिसिपी राज्यातल्या ईनिड जलाशयात १९५७ साली सापडलेला ५ पौंड ३ औंसांचा, म्हणजे सुमारे २.३५ किलोचा मासा हा पांढऱ्या क्रॅपीचा विक्रम मानला जातो.

महाराष्ट्रातल्या रोहू-कटल्यांची वीण पावसाळ्यातल्या पुराशी बांधलेली असते. क्रॅपीची वीण बांधलेली असते ती लांबत जाणाऱ्या दिवसाशी आणि तापत जाणाऱ्या पाण्याशी. त्यामुळे फेब्रुवारी आणि मार्च हे या माशाच्या वर्षातले सर्वांत चंचल महिने ठरतात. या काळात रिकाम्या हाताने परतणाऱ्यांची चूक बहुधा एकच असते: दुपारची हवा उबदार लागली म्हणजे मासाही काठाशी आला असे ते धरून चालतात.

पाणी सर्वांत जड असते ते ४ अंश सेल्सिअसला. म्हणून उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांत बर्फाला लागून शून्य अंशाचे पाणी आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचे, अशी उलटी उतरंड असते. दक्षिणेकडच्या न गोठणाऱ्या जलाशयांत वाऱ्याने सारे पाणी ढवळले जाऊन वरपासून खालपर्यंत जवळपास सारख्याच तापमानाचे राहते. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झाले की त्याचे पचन आणि हालचाल दोन्ही मंदावतात. कडाक्याच्या थंडीत क्रॅपी थव्याने खोलात उतरतो आणि बुडालेल्या नदीपात्राच्या कडेला, पाण्यातल्या खुंटांपाशी किंवा झुडपांच्या ढिगाशी जवळपास एकाच जागी राहतो. तो खाणे सोडत नाही. कमी खातो आणि भक्ष्यामागे लांब जात नाही.

पाणी तापते ते सगळीकडे सारखे नाही. एक मीटर खोलीच्या जागी आणि आठ मीटर खोलीच्या जागी ऊन सारखेच पडले, तरी पहिल्या जागी तेवढ्या उष्णतेला आठव्या हिश्शाचेच पाणी तापवायचे असते. म्हणून उथळ, बंदिस्त कोपरे आधी कोमट होतात. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, त्यामुळे जलाशयाच्या उत्तर काठावर ऊन जास्त वेळ राहते आणि गार उत्तरी वाऱ्यापासून तिथे आडोसाही मिळतो. काळ्या गाळाचा तळ ऊन शोषून घेतो. गढूळ पाण्याचा वरचा थर नितळ पाण्यापेक्षा लवकर तापतो. ओढ्याच्या मुखाशी मात्र दोन्ही गोष्टी घडतात: कोमट पावसाचे पाणी आले तर ती जागा जिवंत होते, वितळलेल्या बर्फाचे आले तर आठवडाभराची कमाई एका रात्रीत जाते.

माशाच्या हालचालीचे टप्पे तापमानावरून ढोबळमानाने सांगता येतात. पाणी ७ अंशांच्या (४५ फॅरनहाइट) खाली असेपर्यंत क्रॅपी खोलातच शोधावा. याच थंडीत थ्रेडफिन शॅड हे त्याचे आवडते छोटे भक्ष्य गारठून मरू लागते. तसे झाले की क्रॅपीला आयते खाद्य मिळते आणि गळाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. ७ ते १० अंशांच्या दरम्यान थवे जुन्या ओढ्यांच्या पात्रांवरून जलाशयाच्या फाट्यांच्या तोंडाकडे सरकू लागतात, पण खोली पूर्णपणे सोडत नाहीत. १० अंशांच्या (५० फॅरनहाइट) पुढे पाणी टिकून राहिले की ते मधल्या खोलीत, कडेच्या झुडपांवर येतात आणि खाण्याचा जोर वाढतो. १३ अंशांच्या आसपास नर काठाकडे जाऊ लागतात, त्यांचा रंग गडद होतो. प्रत्यक्ष वीण साधारण १६ ते २० अंशांत होते. घरटे करणे आणि अंड्यांची राखण ही कामे नराची. उत्तरेत बर्फ वितळताच उथळ कोपऱ्यांत दिसणारे थवे विणीसाठी आलेले नसतात. आधी तापलेल्या पाण्यात सूक्ष्म जीव आणि छोटे मासे गोळा होतात, त्यांच्यामागे ते आलेले असतात.

हे आकडे वापरताना मापनाची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. होडीवरच्या यंत्राचा तापमापक पाण्याच्या वरच्या थराचा आकडा दाखवतो. निवांत, उन्हाच्या दुपारी हा पातळ थर दोन-तीन अंशांनी सहज चढतो आणि रात्री वारा सुटला की खालच्या गार पाण्यात मिसळून जातो. चार मीटर खाली असलेल्या माशाला त्या चढ-उताराचा पत्ताही नसतो. म्हणून दुपारच्या आकड्यापेक्षा पहाटेचा आकडा खरा मानावा, आणि एका दिवसापेक्षा तीन-चार दिवसांचा कल पाहावा. रात्रीही पाणी गार होत नसेल, पहाटेचा आकडा रोज थोडा चढत असेल, तर मासा हलला असे समजावे. दोरीला बांधलेला साधा तापमापक खाली सोडून खोलीतले तापमान मोजणे हा त्याहून सरळ उपाय.

गार वाऱ्याची लाट हा या दिवसांतला दुसरा चकवा. चार दिवसांच्या उबेने मासे वर सरकतात, मग रात्रीत उत्तरी वारा येतो, आकाश निरभ्र होते आणि काठ ओस पडतो. मासे त्या वेळी सगळा जलाशय ओलांडून जात नाहीत. आलेल्या वाटेनेच जवळच्या खोल कडेला परत उतरतात. काल सापडलेल्या जागेपासून सर्वांत जवळची खोल जागा आधी तपासणे हे अशा वेळी शहाणपणाचे. मिसिसिपीतले सार्डिस, ईनिड, ग्रेनाडा यांसारखे पूरनियंत्रणाचे जलाशय हिवाळ्यात मुद्दाम उतरवलेले असतात. वसंतातल्या पावसाने पातळी चढली की काठची झुडपे पाण्याखाली जातात आणि मासे त्यांत शिरतात. अशा ठिकाणी तापमानाबरोबर पातळीचा आकडाही रोज पाहावा लागतो.

गार पाण्यात आमिषाची चालही माशाइतकीच मंद हवी. शिशाच्या छोट्या डोक्याचा गळ, म्हणजे जिग, एक ते दोन ग्रॅम वजनाचा पुरतो. सोबत जिवंत बारीक मासा लावला तर आणखी बरे. आमिष थव्याच्या किंचित वर स्थिर धरावे, कारण क्रॅपी वर येऊन घास घेतो, खाली वाकून क्वचितच. चावा फार हलका असतो. कधी दोरी ताणली जाण्याऐवजी सैल पडते, तोच इशारा. ओठांजवळची कातडी कागदासारखी पातळ असल्याने झटका देऊ नये आणि मासा जाळीने उचलावा. पाणी १० अंशांच्या वर गेल्यावर आमिष थोडे चालते ठेवले तरी चालते.

खोलातल्या क्रॅपीबाबत एक धोका विसरला जातो. नऊ-दहा मीटरवरून झपाट्याने वर ओढलेल्या माशाचे वाताशय दाब कमी झाल्याने फुगते; पोट बाहेर येते, डोळे फुगतात, आणि पाण्यात सोडला तरी त्यातले बरेच मासे जगत नाहीत. टेक्ससमधल्या लेक फोर्क या जलाशयात यासाठीच १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर किमान लांबीची अट उठवलेली असते आणि पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवून घेणे बंधनकारक असते. दिवसाची २५ माशांची मर्यादा भरली की थांबायचे. असा नियम नसलेल्या ठिकाणीही खोल पाण्यात ‘पकडा आणि सोडा’ हा खेळ करू नये. लागतील तेवढे घ्यावेत आणि गळ आवरावा. नियम राज्यागणिक, कधी जलाशयागणिक बदलतात. परवाना काढतानाच ते वाचून घ्यावेत.

जिवाचा धोका मात्र याहून मोठा. मिनेसोटाच्या शासकीय मार्गदर्शनानुसार गोठलेल्या तळ्यावर माणसाने चालण्यासाठी किमान ४ इंच नवा, नितळ बर्फ हवा, आणि पांढऱ्या, हिममिश्रित थराची जाडी त्याच्या दुप्पट. हिवाळ्याच्या अखेरीस हा हिशोबही पुरत नाही, कारण उन्हाने बर्फ आतून पोखरला जातो. जाडी तीच राहते, ताकद जाते. ओढ्याच्या मुखाशी तो सर्वांत आधी कमजोर होतो, आणि मासाही नेमका तिथेच जमतो. उघड्या पाण्यात होडीतून पडल्यास पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो आणि साधारण दहा मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. पट्टीच्या पोहणाऱ्याचीही यातून सुटका नाही. हवा कितीही कोमट असली तरी पाणी गार असेपर्यंत जीवरक्षक जाकीट अंगात हवेच, होडीत शेजारी ठेवलेले नव्हे. कपडे हवेप्रमाणे नाही, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालावेत, आणि एकट्याने जाऊ नये.